दुसऱ्या भागाची तारीख सांगा
‘होरायझन’ ज्यांच्या हाती आहे, त्यांना खुले पत्र

टूसॉन, ॲरिझोना
जुलै 2025

वितरण करणारी न्यू लाइन सिनेमा, निर्मिती करणारी टेरिटरी पिक्चर्स आणि दिग्दर्शक केविन कॉस्टनर यांच्या ‘होरायझन: ॲन अमेरिकन सागा’ या अनेक भागांच्या चित्रपटात ज्यांचा पैसा, हक्क किंवा शब्द गुंतला आहे अशा सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली बावीस वर्षं टूसॉनमध्ये राहते. माहेर नाशिकचं. हेच पत्र इंग्रजीतून टपालाने पाठवलं आहे. इथे ते मराठीत जाहीर करते आहे, कारण ज्या गोष्टीसाठी भांडायचं ती आपल्या माणसांसमोर आपल्या भाषेत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमच्या घरापासून पूर्वेला तासाभरावर सॅन पेद्रो नदी आहे. मेक्सिकोतल्या सोनोरात ती उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत ॲरिझोनात येते. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी नुसती वाळूच दिसते, पण काठाने कॉटनवुडच्या झाडांची हिरवी रांग लांबवर गेलेली असते. खाली कुठेतरी पाणी आहे हे त्यावरून कळतं. तुमचा चित्रपट याच खोऱ्यात 1859 साली सुरू होतो. चित्रीकरण युटात झालं, तरी गोष्ट इथली आहे. एक मोजणीदार आपल्या पोराला घेऊन नदीकाठी येतो, दोरी ताणतो, खुंट्या ठोकतो. आमच्याकडे मोजणी आली की अख्खी भावकी बांधावर गोळा होते, त्यामुळे खुंटीचं वजन मला कुणी समजावून सांगायला नको. पुढच्या काही मिनिटांत त्याच जागी मोजणीदाराची आणि पोराची कबर असते. तरी लोक येतच राहतात. कारण त्यांच्या हातात एक छापील हँडबिल आहे. त्यावर ‘होरायझन’ नावाचं गाव आहे, नदी आहे, सुपीक जमीन आहे. गाव फक्त कागदावर आहे, हे कळायला त्यांना शेकडो मैल चालून यावं लागतं.

या चित्रपटाच्या जाहिरातींवरही दोन तारखा छापल्या होत्या: पहिला भाग 28 जून 2024, दुसरा भाग 16 ऑगस्ट 2024. पहिली तारीख पाळली गेली. दुसरी, पहिला भाग लागून दोन आठवडे होतात न होतात तोच मागे घेतली गेली. पहिला भाग जास्त लोकांपर्यंत पोहोचावा म्हणून दुसरा थांबवत आहोत, असं तेव्हाच्या निवेदनात म्हटलं होतं. सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात दुसरा भाग दाखवला गेला. या वर्षी फेब्रुवारीत सांता बार्बराच्या महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे चित्रपट पूर्ण आहे. तीन तास दहा मिनिटांचा तयार चित्रपट कुठल्यातरी कपाटात पडून आहे आणि सामान्य प्रेक्षकासाठी तारीख नाही.

माझी मागणी एकच आहे. तारीख द्या. आज जमत नसेल तर कधी जमेल ते सांगा. कधीच जमणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा.

आकडे मला माहीत आहेत आणि ते मी झाकणार नाही. अमेरिकेत सुमारे 3,300 थिएटरांत पहिला भाग लागला आणि पहिल्या तीन दिवसांत 1 कोटी 10 लाख डॉलर जमले. म्हणजे एका थिएटरमागे साडेतीन हजारांहूनही कमी. जगभरची सगळी कमाई 4 कोटी डॉलरच्या आत राहिली, आणि पहिल्या दोन भागांचा खर्च 10 कोटींच्या घरात सांगितला जातो. तिकिटाच्या पैशातला जवळपास निम्मा वाटा थिएटरवाल्याचा असतो. हा हिशेब घेऊन बसलेल्या माणसाची झोप उडाली असेल, तर ते मला समजतं. नाशिकला आमचं किराणा दुकान होतं. उधारीची वही घेऊन रात्री बसलेले वडील मी पाहिले आहेत.

पण त्या तीन दिवसांत नेमकं काय मोजलं गेलं? 181 मिनिटांचा चित्रपट. जाहिराती आणि झाडलोट धरली तर एका पडद्यावर दिवसाला तीन, फार तर चार खेळ. त्याच शुक्रवारी ‘अ क्वाएट प्लेस’ मालिकेतला नवा भाग लागला होता आणि ‘इनसाइड आउट 2’ तिसऱ्या आठवड्यातही सगळ्यांच्या पुढे होता. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या जुन्या काळाचे चित्रपट, पाहायला येणारा प्रेक्षक वयस्क. तो पहिल्या शुक्रवारी रात्री धावत येत नाही. आधी शेजाऱ्याला विचारतो, डॉक्टरची भेट आटोपतो आणि मग पुढच्या मंगळवारी दुपारच्या खेळाला येतो. त्याची वाट पाहायला हल्ली कुणाला सवड नाही. पहिला भाग तीन आठवडेही झाले नव्हते तोच घरबसल्या भाड्याने मिळू लागला. शेजारी आवर्जून जा म्हणाला, तोवर चित्रपट दिवाणखान्यात येऊन पोहोचला होता.

केविन कॉस्टनर यांचा ‘डान्सेस विथ वूल्व्ज’ही 181 मिनिटांचाच होता, आणि तोही वेस्टर्न. बराचसा संवाद लाकोटा या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. दिग्दर्शक पहिलटकर. खर्च वाढत गेला तेव्हा त्यांनी स्वतःचे पैसे घातले आणि हॉलिवूडमध्ये या चित्रपटाला ‘केविन्स गेट’ म्हणू लागले. हा टोमणा ‘हेवन्स गेट’वरून आला होता. मायकेल चिमिनोचा तो वेस्टर्न 4 कोटी 40 लाख डॉलर खाऊन बसला आणि 35 लाखांच्या आसपास कमावू शकला. तर, 1990 च्या नोव्हेंबरात ‘डान्सेस’ आधी मोजक्या थिएटरांत लागला, मग पसरला आणि महिनोन्‌महिने चालला. जगभरात 42 कोटी डॉलरची कमाई आणि सात ऑस्कर. तोच चित्रपट आज आला असता तर त्याच्या वाट्याला किती आठवडे आले असते, हा प्रश्न मी कुणाला हिणवायला विचारत नाही. तुमच्याच वितरण विभागात असे लोक असतील जे 1990 साली तरुण होते. त्यांना विचारा.

आणि ‘हेवन्स गेट’चंही पुढे काय झालं ते बघा. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये आठवडाभर दाखवून तो मागे घेतला गेला, कापला गेला, पुन्हा लावला गेला आणि पडला. 2012 साली दुरुस्त केलेली मोठी आवृत्ती व्हेनिसला दाखवली तेव्हा दिग्दर्शक म्हातारा होऊन समोर बसला होता. बत्तीस वर्षं गेली होती. कॉस्टनर आज सत्तरीत आहेत.

‘होरायझन’ची गोष्ट त्यांनी 1988 मध्ये लिहून घेतली. तेव्हा तो एकच चित्रपट होता. 2003 च्या सुमारास तो होता होता राहिला, 50 लाख डॉलर कमी पडले म्हणून. दुसरा कुणी असता तर त्याने संहिता कपाटात ठेवली असती. यांनी लेखक जॉन बेअर्ड यांना सोबत घेतलं आणि एकाचे चार केले. मधल्या काळात झालेल्या मुलाचं नाव गोष्टीतल्या माणसावरून हेज ठेवलं, आणि तोच मुलगा मोठा होऊन पहिल्या भागात दिसला. सांता बार्बराची समुद्रकाठची जमीन गहाण टाकून स्वतःचे 3 कोटी 80 लाख डॉलर घातल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

इथे मला दादासाहेब फाळके आठवतात, आणि ते केवळ मी नाशिककडची म्हणून नाही. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पण चित्रपटासाठी सावकाराला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्या रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल चढलेला पाहिला तेव्हा पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. तरी पुरलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्याच बाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या आणि रात्री फिल्मला भोकं पाडत होत्या. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आमच्याकडे सिनेमाचा जन्मच गहाणखतावर झालेला आहे. म्हणून अमेरिकेत कुणी जमीन गहाण ठेवून चित्रपट काढतो तेव्हा त्याला वेडा म्हणणं मला जमत नाही. फाळक्यांना निदान चित्रपट लावायला थिएटर मिळालं होतं.

न्यू लाइनच्या मंडळींशी वेगळं बोलायचं आहे. 1998 मध्ये न्यूझीलंडचा एक दिग्दर्शक तुमच्या दारात आला होता. आधीच्या कंपनीला सगळी कथा एकाच चित्रपटात कोंबायची होती. तो दोन भाग मागायला आला आणि तुम्ही म्हणालात, तीन करा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग एकदमच चित्रित झाले. पहिला भाग लोकांना आवडेल की नाही हे कुणालाच माहीत नसताना तिन्हींचा पैसा लावलेला होता. 2001, 2002, 2003, तीन डिसेंबर, तीन चित्रपट, आणि शेवटच्याला अकरा ऑस्कर. तिथे पहिलाच भाग तुफान चालला आणि इथे चालला नाही, हा फरक मी मान्य करते. पण भागांत सांगितलेली गोष्ट पूर्ण झाल्यावरच तिची किंमत कळते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सात आठवड्यांच्या अंतराने दोन भाग लावण्याची कल्पनाही वेडगळ नव्हती. आपल्याकडे ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चे दोन भाग 2012 साली 22 जून आणि 8 ऑगस्टला आले होते. सत्तेचाळीस दिवसांचं अंतर. पाच तासांहून मोठी ती गोष्ट लोकांनी दोन बैठकांत पाहिली आणि आजही तिचे संवाद पाठ म्हणतात.

आता चित्रपटाबद्दल. तो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या भागात चार-पाच प्रवाह सुरू होतात आणि एकही दुसऱ्याला येऊन मिळत नाही. वायोमिंगमध्ये कॉस्टनर यांनी साकारलेला हेज एलिसन, कॅन्ससच्या मैदानात गाड्यांचा तांडा, सॅन पेद्रोच्या काठी जळालेली वस्ती. तांड्यातली सुशिक्षित इंग्रज बाई पिण्याच्या पाण्याने अंग धुते आणि तांड्याच्या म्होरक्याला तिला पाण्याची किंमत शिकवावी लागते. मराठवाड्यात ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे त्यांना हा प्रसंग एका क्षणात कळेल. पण त्या बाईचं पुढे काय होतं ते पहिल्या भागात नाही. सगळ्यात शेवटी पुढच्या भागांतली दृश्यं भराभर एकापाठोपाठ दाखवली जातात. अनेक समीक्षकांनी त्यावर टीका केली आणि ती काही खोटी नाही. मलाही तिथे पंगतीत नुसती पानं मांडून वाढपी निघून गेल्यासारखं वाटलं. पण पान मांडून ठेवल्याचा दोष द्यायचा आणि वाढायलाही बंदी करायची, असं दोन्ही कसं चालेल?

या भागातली मला सर्वांत जास्त आठवणारी जागा म्हणजे वस्तीवरच्या रात्रीच्या हल्ल्यात घराखालच्या भुयारात दडलेल्या मायलेकी. माती कोसळलेली, हवा संपत आलेली, आणि बंदुकीची नळी वर खुपसून त्यातून त्या आळीपाळीने श्वास घेतात. वरच्या घरात बाप आणि मुलगा लढत असतात. असं दृश्य छोट्या पडद्यावर पाहून भागत नाही. थिएटरच्या अंधारात आपलाही श्वास अडकतो.

हल्ला करणारे अपाची, म्हणजे या भागातले मूळ रहिवासी आहेत, आणि चित्रपट तिथेच थांबत नाही. त्यांच्यात वाद होतो. जुनी माणसं म्हणतात, तुम्ही जे केलंत त्याने आणखी लोक येतील, आणखी बंदुका येतील. तरुण ऐकत नाहीत, पायोनसेने नावाचा त्यांचा म्होरक्या आपली माणसं घेऊन वेगळा होतो. दुसरीकडे, केसांसकट टाळूची कातडी विकून पैसे कमावणारी टोळी निरपराध बायकापोरांवर तुटून पडते. पण पायोनसेनेचं, त्याच्या लोकांचं पुढे काय झालं, ते पहिल्या भागात नाही. ते पुढच्या भागांत येणार होतं. म्हणजे आज जो पहिलाच भाग पाहून उठेल त्याच्या मनात अपाची राहणार ते रात्री आग लावणारे. दुसरा भाग कपाटात ठेवण्याचा हा परिणाम हिशेबाच्या वहीत येत नाही.

मी ज्या गावात राहते त्या गावाने अपाचींचं काय केलं, ते इथे शिकायला मला बरीच वर्षं लागली. 30 एप्रिल 1871 च्या पहाटे टूसॉनहून निघालेल्या जमावाने सॅन पेद्रोजवळ अरावायपा ओढ्याकाठी झोपलेल्या अपाचींची कत्तल केली. ते कॅम्प ग्रँटच्या लष्करी छावणीजवळ सरकारी संरक्षणाखाली राहत होते. मेलेल्यांचा आकडा शंभरावर गेला आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. डिसेंबरात शंभर जणांवर खटला चालला. पंचांना निर्णय द्यायला एकोणीस मिनिटं लागली. सगळे निर्दोष. ‘होरायझन’ची गोष्ट यादवी युद्धाच्या आधीपासून नंतरपर्यंत पसरलेली आहे. त्यात हा प्रसंग येतो की नाही यावर मी बोलत नाही. या खोऱ्यातली गोष्ट अर्ध्यावर तोडली की कुणाची बाजू सांगायची राहून जाते, एवढंच मला दाखवायचं आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तिसऱ्या भागाचं चित्रीकरण 2024 च्या मे महिन्यात सुरू झालं आणि थांबलं. गोष्टीत मुलं आहेत. भुयारातून बाहेर आलेली मुलगी आहे, सूड घ्यायला टोळीत सामील झालेला आणि ऐन वेळी बंदूक चालवू न शकणारा पोरगा आहे. ही भूमिका करणारी पोरं थांबत नाहीत, त्यांची उंची वाढते, आवाज फुटतो. चार वर्षांनी पैसा मिळेलही, पण तोच चेहरा मिळणार नाही. उशिराने खर्च वाचतो असं वाटत असेल, पण इथे उशीरच सगळ्यात महाग पडणार आहे.

मग काय करता येईल? तीन हजार थिएटरं मी मागत नाही. पश्चिमेतल्या निवडक शहरांत लावा. फिनिक्स, आल्बुकर्की, सॉल्ट लेक सिटी, डेन्व्हर, आमचं टूसॉन. आमच्याकडे द लॉफ्ट हे ना-नफा तत्त्वावर चालणारं थिएटर आहे. तिथे लोक जुने, लांबलचक, उपशीर्षकांचे चित्रपट पाहायला रांगेत उभे राहतात. शनिवारी सकाळी पहिला भाग, मध्ये जेवणाची सुट्टी, दुपारी दुसरा. आमच्याकडे रात्रभर चालणारी संगीत नाटकं लोकांनी घोंगड्या पांघरून पाहिली आहेत, सहा तास ही मोठी गोष्ट नाही. एक-दोन दिवसांचे खास खेळ देशभर लावण्याची व्यवस्था तुमच्याकडे आधीच आहे, ऑपेरा आणि जुने चित्रपट तसेच लागतात. आणि एक खेळ सॅन कार्लोसच्या अपाची वसाहतीत लावा. तिथल्या लोकांना आवडेल की संताप येईल, मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या नदीची गोष्ट त्यांनी पूर्ण पाहावी. पहिल्या भागातल्या हल्ल्यावर प्रकरण संपायला नको.

पैशाचा वाद तुमच्या आपसात असेल. कोणाचे किती, आधी कोणी फेडायचे, हे तुम्ही वकिलांकडून ठरवा. त्यात पडायचा मला अधिकार नाही. मात्र कपाटात ठेवलेल्या चित्रपटातून कुणाचंच देणं फिटत नाही, एवढं दुकानदाराच्या मुलीला कळतं.

पहिला भाग आम्ही दुपारच्या खेळाला पाहिला होता. चाळीसेक माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. पुढच्या भागांची दृश्यं संपली तरी कुणी उठलं नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पुढच्या रांगेत होते, वय 83, बेन्सनजवळच्या रँचवर वाढलेले. दिवे लागल्यावर त्यांनी वळून मला विचारलं, ऑगस्टची सोळा तारीख, शुक्रवार येतो ना? मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि पेन्सिलने लिहून घेतलं. आता ते 84 वर्षांचे आहेत. टपालपेटीपाशी भेटले की अजून विचारतात. नव्या वर्षाची डायरी त्यांच्याकडे आहे, पेन्सिलही असते. मी त्यांना काय सांगू, तेवढं कळवा.

आपली,
टूसॉनची एक प्रेक्षक